रविवारी साडेनऊला, रिकाम्या पोटी: इंदूरला नव्याने आलेल्यांसाठी

माझा भाचा नोकरीसाठी पुण्याहून इंदूरला आला, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "मावशी, आम्ही ऑफिसचे पाच जण उद्या अकरा वाजता सराफ्यात ब्रंचला चाललोय. तू येतेस?" मी विचारलं, "अकरा म्हणजे रात्रीचे ना रे?" त्याला वाटलं मावशी थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी पाचही जण रिकाम्या पोटी सराफ्यात उभे. खायला काही नाही, सोन्याचांदीच्या दुकानांच्या पाट्या मात्र भरपूर. सराफा म्हणजे सराफांची पेठ. खाण्याच्या गाड्या तिथे लागतात त्या रात्री, सराफांच्या दुकानांची शटर खाली आल्यावर, नऊ-साडेनऊनंतर. मग मध्यरात्र उलटून जाईपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, एकच खाऊन पोट भरेल असा तो भलामोठा जलेबा, हे सगळं रात्रीचं. सकाळचं इंदूर वेगळं आहे आणि त्याच्या जागाही वेगळ्या.

त्या दिवशी पाच जणांना फोनवर जे सांगत बसले, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी ब्रंच या शब्दाचं बघू. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आजही "नाश्त्याला जाऊन येतो" असं सांगून रविवारी घरातून निघतात आणि दुपारी एकला परततात. घरी कोणी "जेवायला वाढू का" असं विचारतही नाही. तुमच्या ऑफिसात त्याला ब्रंच म्हणत असतील तर म्हणा. पण पुण्या-मुंबईची एक सवय सोडावी लागेल, ती म्हणजे एका टेबलावर बसून, एका मेन्यूकार्डातून सगळं मागवण्याची. इंदूरला एका जागी पोट भरलं की तुमचा रविवार फुकट गेला असं समजा. इथे दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं खायचं आणि मधे चालायचं.

वेळ ठरवा, आणि ती अर्धा तास आधीची सांगा

पोहे खरे रंगात असतात आठ ते दहा या वेळात. गिऱ्हाईक सतत येत असतं, त्यामुळे पातेलं सारखं नवं भरलं जातं आणि पोहे ताजे, वाफाळते मिळतात. अकरानंतर गेलात तर मिळतील, नाही असं नाही, पण तळाचे आणि जरा लगदा झालेले. म्हणून रविवारी साडेनऊ ही वेळ बरी, रात्री उशिरा झोपलेल्यांनाही झेपते. मात्र ग्रुपवर नऊ लिहा. इंदुरी माणसाने "बस, निघालोच" असा मेसेज टाकला की तो अजून आंघोळीला जायचा असतो, हे मी इंदुरी असूनच सांगते. एप्रिल-मे असेल तर सरळ साडेआठ ठरवा. माळव्यातल्या उन्हाळ्यात संध्याकाळ सुखाची असते, पण अकराचं ऊन कोणालाही सोडत नाही.

किती जण, आणि कोण काय खात नाही

चार किंवा पाच. सहा जण झाले की दोन गट पडतात आणि सातवा हमखास हरवतो. पोहे खायला जायचं ते होळकरांच्या राजवाड्याशी. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत गाडी उभी करायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो, त्यामुळे कार घरीच राहू द्या. दुचाकी किंवा ऑटो बरी, ई-रिक्षाही मिळतात.

निघायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. इंदूरला जैन मंडळी भरपूर आहेत. तुमच्या गटात एखादी जैन मैत्रीण असेल तर ती कांदा खात नसेल, चातुर्मासात तिचे नियम आणखी कडक असतील. पोह्यांच्या बाबतीत अडचण येत नाही, कारण इथे कांदा फोडणीत नसतो, वरून कच्चा घालतात. "बिना प्याज" एवढं म्हटलं की झालं. दुसरं, उपवास. एखाद्याला एकादशी असली तर त्याला मागे ठेवू नका. इथली साबुदाण्याची खिचडी आपल्या घरच्यासारखी तुपात परतलेली नसते. साबुदाणा वाफवतात आणि गिऱ्हाईक समोर आलं की त्यात मसाला, लिंबू, फराळी चिवडा कालवून देतात. मराठी माणूस पहिल्या घासाला नाक मुरडतो आणि तिसऱ्या घासाला दुसरी प्लेट मागतो.

पोहे: इथे घाई करू नका

आता मुख्य गोष्ट. पोहे आपलेच, मराठी माणसांनी माळव्यात आणलेले, असं आमच्याकडचे सगळे मोठ्या अभिमानाने सांगतात. होळकरांची राजधानी १८१८ मध्ये महेश्वरहून इंदूरला आली हे खरं, पोह्यांचं पोतं कोणाच्या गाडीतून आलं ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. एवढं निश्चित की दोनशे वर्षांत पोह्यांनी इथे आपला स्वभाव बदलला. त्यामुळे "आमच्याकडे असे नसतात" हे वाक्य ठेल्यावर उभं राहून म्हणू नका. माझ्या भाच्याने म्हटलं होतं. ठेलेवाल्याने शांतपणे उत्तर दिलं, "भिया, तभी तो इधर आए हो."

फरक काय तो आधीच सांगते, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. आपण कांदा परतून त्यात भिजवलेले पोहे टाकतो आणि झाकण ठेवून एक वाफ आणतो. इथे पोह्यांचं मोठं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवलेलं असतं आणि पोहे सकाळभर त्या वाफेवरच राहतात. म्हणून ते मऊ, हलके, कमी तेलाचे लागतात. चवीला किंचित गोड, मधेच बडीशेप आणि धणे दाताखाली येतात. ओलं खोबरं शोधू नका, मिळणार नाही. वरून बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, मूठभर सेव आणि जीरावन. कुठे कुठे डाळिंबाचे दाणेही घालतात.

जीरावन हा शब्द पाठ करून ठेवा. जिरे, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ असं बरंच काही कुटून केलेला हा तपकिरी मसाला इंदूरकर पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर, तळलेल्या कशावरही भुरभुरतो. नवख्याने आधी चिमूटभर घ्यावा. आंबट-खारट चव जिभेवर उशिरा चढते. सुरुवातीलाच चमचाभर ओतलात तर बाकी कशाचीच चव लागत नाही.

सेव मात्र संकोच न करता मागा. "सेव थोडी ज्यादा" असं म्हटल्यावर तोंड वाकडं करणारा ठेलेवाला मी या शहरात पाहिलेला नाही. सेव लगेच कालवू नका. अर्धी वर राहू द्या, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहते.

तिखट आवडत असेल तर उसळ-पोहे घ्या. त्याच पोह्यांवर उसळीचा झणझणीत रस्सा ओतून देतात. राजवाड्याजवळ यासाठी प्रशांतचं नाव जुनं आहे. गटात कोणी नागपूरकर असेल तर तो लगेच तर्रीपोह्यांशी तुलना सुरू करेल. करू द्या. वाद घालत खाल्लेले पोहे जास्त जातात.

आणि जिलबी. इथे जलेबीच म्हणतात, आणि ती पोह्यांनंतरची मिठाई नव्हे, पोह्यांबरोबरच खायची असते. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जलेबीचा. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही माझ्या पुण्याच्या बहिणीला पटवायला दोन रविवार लागले. पोह्यांतलं लिंबू आणि जीरावन जलेबीच्या गोडाला अंगावर येऊ देत नाहीत, आणि जलेबी उसळीचा ठसका उतरवते. जलेबी वजनावर मिळते. चार जणांत २५० ग्रॅम पुरे. कढईतून निघताना दिसली तरच घ्या, थाळीत रचून ठेवलेली गार जलेबी नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब: चार माणसं असतील तर पोह्यांच्या प्लेट तीन. दोन साध्या, एक उसळीची. पोहे स्वस्त असतात म्हणून प्रत्येकी दोन-दोन मारणारे लोक साडेदहाला घरी जाऊन झोपतात.

वर एक कट घ्या. कट म्हणजे अर्धा चहा, मुंबईच्या कटिंगचा इकडचा भाऊ.

मधला तास

पोह्यांनंतर लगेच दुसऱ्या ठिकाणी पळू नका. तुम्ही राजवाड्याशी आहात, तर राजवाडाच बघून घ्या. सात मजली, खाली दगड आणि वर लाकूड, समोरच्या चौकात कबुतरं. होळकरांचा हा वाडा एकापेक्षा जास्त वेळा आगीत सापडला आणि पुन्हा उभा केला गेला. तिथून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या चालत पाच-सात मिनिटांवर, नदीकाठी. होळकर घराण्याच्या या छत्र्यांवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात फार सुरेख दिसतं, आणि रविवारी तिथे बसून गप्पा मारायला कोणी अडवत नाही. आणखी पाय उरले तर १९०४ साली बांधलेला, घड्याळाच्या मनोऱ्याचा गांधी हॉल जवळच आहे. त्याचं मूळ नाव किंग एडवर्ड हॉल.

माझं ऐकाल तर छत्र्यांपाशी अर्धा तास काढा. मित्रांबरोबर जाण्याचा खरा भाग हाच असतो. ठेल्यावर उभं राहून, तोंडात पोहे असताना कोणाला घरभाड्याची किंवा लग्नाची गोष्ट सांगता येत नाही.

छप्पन

साडेअकराच्या सुमारास छप्पनला या. राजवाड्यापासून तीन-चार किलोमीटर, न्यू पलासियात. ऑटोवाल्याला नुसतं "छप्पन" म्हणा. एका ओळीत छप्पन दुकानं, म्हणून छप्पन दुकान. २०२० मध्ये हा रस्ता नव्याने बांधून काढला तेव्हापासून आत गाड्या येत नाहीत. बसायला जागा आहे, सावली आहे, हात धुवायची सोय आहे. ज्यांना गाडीवर खायची धास्ती वाटते त्यांना आणायला ही जागा उत्तम. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने छप्पनला आणि सराफ्याला स्वच्छ खाद्यगल्ली म्हणून प्रमाणपत्रही दिलेलं आहे.

आत शिरलात की आधी एक चक्कर मारा, काही न मागवता. नवखे लोक पहिल्याच दुकानाशी थांबतात, तिथेच पोट भरतात आणि बाकी पंचावन्न दुकानं बघत परततात.

तीन गोष्टी घ्याच. एक, जॉनी हॉट डॉग. नावावरून लांबट पाव आणि त्यात सॉसेज असं चित्र डोळ्यांपुढे येत असेल तर पुसून टाका. हा गोल पाव आहे, तव्यावर दाबून लालसर भाजलेला, आत टिक्की. शाकाहारी मिळतो, मटणाचाही मिळतो, आणि अंड्याचा असेल तर त्याला बेंजो म्हणतात. बेंजो हे नाव कुठून आलं यावर इंदूरमध्ये जितकी माणसं तितकी उत्तरं. आकाराने लहान असतो, एकाला एक चालतो. कडक शाकाहारी मित्र बरोबर असेल तर त्याला आधी सांगा, म्हणजे तिथे उभं राहून चेहरा करायला नको.

दोन, खोपरा पॅटिस. बाहेर बटाटा, आत ओल्या खोबऱ्याचं सारण, तळलेलं, बरोबर हिरवी आणि गोड चटणी. यासाठी विजय चाट हाउस. पोह्यांत न सापडलेलं खोबरं तुम्हाला इथे भेटतं. गरम असतं, फार गरम. बाहेरून बोट लावून कळत नाही, आतलं सारण जीभ पोळतं. आधी मोडा, वाफ जाऊ द्या, मग खा. दोघांत एक.

तीन, शिकंजी, आणि इथे प्रत्येक पाहुणा फसतो. उत्तरेत सगळीकडे शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. इंदूरमध्ये शिकंजी म्हणजे आटवलेलं घट्ट दूध, त्यात केशर, वेलची, सुका मेवा आणि मठ्ठ्याचा किंचित आंबटपणा. तहान भागवायला मागवलीत तर तहान आणखी वाढेल. छप्पनला मधुरम स्वीट्सची शिकंजी प्रसिद्ध आहे. एक लहान ग्लास दोघांत घ्या आणि ती सगळ्यात शेवटी प्या, कारण तिच्यानंतर काहीही जात नाही.

ऋतूप्रमाणे यात भर घाला. थंडीत गराडू दिसला की बाकी सगळं बाजूला ठेवा. हा एक कंद, तुकडे करून दोनदा तळतात, वर लिंबू आणि जीरावन. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस: कोवळं मक्याचं कणीस किसून दुधात शिजवलेलं. दोन्हींची खरी मजा संध्याकाळनंतर येते, पण दुपारी मिळाला तर सोडू नये.

पैसे

ठेल्यावर उभं राहून प्रत्येकाने आपापल्या वीस-तीस रुपयांचा क्यूआर कोड स्कॅन करत बसणं इथे फार चमत्कारिक दिसतं. इंदुरी मित्र असेल तर तो तुमचा हात धरून पैसे देऊच देणार नाही. यावर आम्हा मैत्रिणींचा उपाय असा: प्रत्येक जागा एकीची. पोहे एकीचे, जलेबी आणि कट दुसरीचे, छप्पनवरचं तिसरीचं, शिकंजी चौथीची. हिशेब बरोबर होत नाही, पुढच्या रविवारी क्रम फिरवला की होतो.

कचरा

२०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं येतं आहे आणि लोकांनी ते अंगी बाणवलं आहे. रिकामी प्लेट ठेल्याखाली सरकवलीत तर ठेलेवाला बोलायच्या आधी शेजारी उभी असलेली आजी बोलेल. ओला आणि सुका, डबे वेगळे असतात. द्रोण टाकण्याआधी त्यातलं उष्टं ओल्या डब्यात झटका.

जे या बेतात बसवू नये

दाल-बाफले. सगळे विचारतात म्हणून लिहिते. बाफले आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, आणि मग तुपात बुडवतात. राजस्थानी बाटीचा हा जरा मऊ, जरा जड चुलतभाऊ. बरोबर डाळ, कढी, चटणी, लाडू, आणि वाढणाऱ्याचा न संपणारा आग्रह. पोहे-जलेबीनंतर त्याच दिवशी बाफल्यांवर बसणं म्हणजे दोघांचाही अपमान. त्याला वेगळा रविवार द्या, सकाळी चहाशिवाय काही घेऊ नका, आणि दुपारी चारपर्यंत कोणाला वेळ देऊ नका.

कॅफेही आहेत. विजयनगर, पलासिया भागात चांगले आहेत, आणि पाऊस कोसळत असेल, कोणाचे म्हातारे आई-वडील बरोबर असतील किंवा कडेवर बाळ असेल तर तिथेच जा, त्यात कमीपणा नाही. फक्त रविवारी फोन करून जागा राखून ठेवा. आम्ही एकदा एका नव्या कॅफेत न कळवता गेलो. पंचेचाळीस मिनिटं दाराशी उभं राहून शेवटी जे ऑम्लेट आलं ते गार होतं, आणि बिलात सेवाशुल्क होतं.

रंगपंचमीलाही राजवाड्याचा बेत करू नका. त्या दिवशी तिथे गेर, म्हणजे रंग खेळणाऱ्यांची मिरवणूक निघते, टँकरमधून रंग उडतो, आणि लाखभर माणसांत तुमची पोह्यांची प्लेट गुलाबी होऊन जाते. गेर बघायची असेल तर जुने कपडे घालून गेर बघायलाच जा.

परतताना

छप्पनवरून किंवा वाटेवरच्या कुठल्याही नमकीनच्या दुकानातून पावशेर सेव घ्या. लवंगाची सेव तिखट असते, घरच्या मोठ्यांसाठी साधी बारीक बरी. दुकानदार चाखायला देतो, लाजू नका, तीन प्रकार चाखून मग एक घेणं इथे रीतीचंच आहे. आणि जीरावनचं एक पाकीट. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात गोळा होतो. भाच्याने दिवाळीला पुण्याला नेलं तेव्हा माझ्या बहिणीने ते कांदेपोह्यांवर चिमूटभर घातलं, चाखलं, आणि "हं, ठीक आहे" एवढंच म्हणाली. आता दर दोन महिन्यांनी तिचा फोन येतो. माझी चौकशी होते, आणि मग "तो इकडे येतोय ना, त्याच्याबरोबर ते तपकिरी पाकीट पाठव. दोन पाठव."